वेशीबाहेरचा शेजारी

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक लहानसा प्रसंग आला आहे. तो वाचावयास दोन मिनिटेही लागत नाहीत. परंतु त्याचा अर्थ उमगण्यास ख्रिस्ती समाजाला कित्येक शतके लागली, आणि तो अर्थ पुरता आचरणात उतरला आहे असे आजही म्हणता येणार नाही. गालील प्रांतात प्रभू येशू ख्रिस्त गावोगाव उपदेश करीत फिरत असता एक कुष्ठरोगी त्याच्यासमोर येऊन गुडघे टेकतो, आणि त्याच्या मनात आले तर आपण शुद्ध होऊ असा विश्वास बोलून दाखवितो. येशूला त्याचा कळवळा येतो. तो हात पुढे करून त्या माणसाला स्पर्श करतो, आणि मग शब्द उच्चारून त्याला बरे करतो.

या प्रसंगातील धाडस ध्यानात येण्यास त्या काळचा नियम ठाऊक असावा लागतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ज्याच्या अंगावर असा रोग दिसेल त्याने वस्त्रे फाडावीत, केस मोकळे सोडावेत, ओठ झाकून घ्यावा, आपण अशुद्ध असल्याचे येणाऱ्या-जाणाऱ्यास ओरडून सांगावे आणि वस्तीच्या बाहेर एकटे राहावे, असा दंडक होता. मूळ हिब्रू शब्दात त्वचेचे अनेक विकार येत असत. आजच्या वैद्यकाला ठाऊक असलेला कुष्ठरोग तेवढाच त्यातून अभिप्रेत होता असे नाही, असे अभ्यासक सांगतात. तो नियमही निव्वळ क्रौर्यापोटी झालेला नव्हता. औषध ठाऊक नसलेला समाज स्वतःला वाचवू पाहत होता, आणि बरा झालेल्या माणसाला पुन्हा वस्तीत घेण्याचा विधीही त्याच शास्त्रात दिलेला होता. तथापि जोवर अंगावर डाग आहे तोवर तो मनुष्य जिवंत असून समाजाला मेलेलाच होता. त्याला शिवणाराही अशुद्ध ठरे.

आता येशूच्या कृतीचा क्रम पाहावा. त्याने आधी बरे केले आणि मग हात लावला, असे घडलेले नाही. आधी स्पर्श आहे, मागाहून आरोग्य आहे. ज्या क्षणी तो हात त्या अंगावर टेकला त्या क्षणी ते अंग रोगीच होते. बरे करण्यासाठी स्पर्शाची आवश्यकता होती असेही नाही. शताधिपतीच्या चाकराला येशूने दुरूनच बरे केले. लूककृत शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांना त्याने नुसते याजकांकडे जावयास सांगितले आणि ते वाटेतच शुद्ध झाले. तेव्हा गालीलातील या माणसाच्या रोगाला शब्दाचे औषध पुरले असते. परंतु त्याला दोन दुखणी होती. एक शरीराचे आणि दुसरे वर्षानुवर्षे कोणी हात न लावल्याचे. दुसऱ्या दुखण्यावर स्पर्शावाचून उपाय नव्हता.

एवढ्यावर प्रसंग संपत नाही. येशू त्याला याजकाकडे जाऊन स्वतःस दाखवावयास आणि नेमलेले अर्पण करावयास सांगतो. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तो त्याला प्रमाणपत्र घ्यावयास पाठवितो. कारण शरीर शुद्ध झाले तरी गावाने त्याला शुद्ध म्हणेपर्यंत त्याला घरी जाता येणार नव्हते. आणि मार्काने अखेरीस एक वाक्य असे लिहून ठेविले आहे की, त्याकडे घाईने वाचणाऱ्याचे लक्षही जात नाही. ही वार्ता सर्वत्र पसरल्यामुळे येशूलाच उघडपणे गावात जाणे अशक्य झाले आणि तो बाहेर निर्जन जागी राहू लागला. जो बाहेर होता तो आत जावयास मोकळा झाला, आणि ज्याने त्याला हात दिला तो बाहेर राहिला. दोघांनी जणू जागा बदलली.

ख्रिस्ती करुणेचे तीन भाग या एका प्रसंगात आले आहेत. पहिला स्पर्श, दुसरा उपचार आणि तिसरा घरी परत जाणे. यांपैकी एकावर थांबणारी करुणा अपुरी राहते. नुसता स्पर्श हा भावनेचा उमाळा ठरतो, नुसता उपचार ही यंत्राचीही करामत असू शकते. आणि पहिले दोन्ही होऊनही तिसरा भाग साधला नाही, तर बरा झालेला मनुष्य वेशीबाहेरच बसून राहतो.

शेजारी कोण?

एका शास्त्र्याने येशूला विचारले होते की, ज्याच्यावर प्रीती करावयाची तो शेजारी म्हणजे नेमका कोण? उत्तरादाखल येशूने चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर चोरांनी मारून टाकलेला एक मनुष्य पडला आहे. याजक येतो, पाहतो आणि दुसऱ्या बाजूने जातो. लेवी येतो, तोही तसाच जातो. मग येतो तो शोमरोनी, म्हणजे ज्याच्याशी यहुदी लोकांचा रोटीव्यवहारही नव्हता असा मनुष्य. तो जखमांवर तेल व द्राक्षारस घालून पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर त्याला बसवितो, उताराशाळेत नेऊन रात्रभर त्याची शुश्रूषा करतो, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार देतो आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना भरीन असे सांगून जातो.

दोन दीनार म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी. शोमरोन्याने सर्वस्व दिले असे येथे सांगितलेले नाही. त्याने तेल दिले, जनावर दिले, एक रात्र दिली, दोन दिवसांची मजुरी दिली आणि परत येण्याचे वचन दिले. ही साध्या प्रापंचिक माणसाच्या आवाक्यातली सेवा आहे. गोष्टीच्या शेवटी येशू शास्त्र्याचा प्रश्नच उलटा फिरवितो. माझा शेजारी कोण, असे न विचारता, त्या पडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला, असे तो विचारतो. शेजार हा घराच्या भिंतीवरून ठरत नाही. तो करावा लागतो.

मत्तयकृत शुभवर्तमानातील अखेरच्या न्यायाच्या वर्णनातही हेच तत्त्व आहे. भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची भेट, यांपैकी जे काही अगदी लहानातल्या लहानासाठी केले ते आपल्यासाठीच केले, असे राजा सांगतो. तेव्हा सेवा करणारे चकित होतात. त्यांनी राजाला ओळखलेले नसते. म्हणजे पुण्याचा हिशेब मनात ठेवून त्यांनी काही केलेले नव्हते. समोर भुकेला होता म्हणून त्यांनी भाकरी दिली होती. गरिबाला स्वर्गाची पायरी समजून त्याच्यावर पाय ठेवणारी जी दानशूरता असते, तिला या वर्णनात स्थान नाही.

डगमगलेली पावले

या शिकवणुकीचा वारसा लाभूनही ख्रिस्ती समाज तिच्याशी सदैव प्रामाणिक राहिला नाही, हे कबूल केले पाहिजे. मध्ययुगीन युरोपात काही ठिकाणी कुष्ठरोग्याला समाजापासून वेगळे करताना मृताच्या क्रियेसारखे विधी होत. त्याने हातात खुळखुळा वाजवीत जावे म्हणजे लोकांना दूर होता येईल, असा रिवाज होता. परंतु त्याच युरोपात शुभवर्तमानातील दृष्टान्तात श्रीमंताच्या दाराशी पडून राहणाऱ्या लाजराचे नाव धारण करणारे आश्रम मठांनी व धर्मबंधूंनी चालविले. त्या दृष्टान्तात श्रीमंताला नाव नाही आणि फोडांनी भरलेल्या भिकाऱ्याला मात्र नाव आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

असिसीचा संत फ्रान्सिस हा कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा. तारुण्यात त्याला कुष्ठरोग्यांची विलक्षण किळस वाटे. इ. स. १२२६ मध्ये मृत्यूपूर्वी त्याने जे मृत्युपत्र सांगून लिहविले, त्यात आपल्या जीवनातील पालटाचा आरंभ त्याने तेथूनच धरला आहे. देवाने आपल्याला त्यांच्यामध्ये नेले, त्यांच्याशी आपण दयेने वागलो, आणि पूर्वी जे कडू वाटत होते ते गोड झाले, असा त्याचा आशय आहे. यात एक मार्मिक गोष्ट आहे. फ्रान्सिसला आधी प्रेम वाटले आणि मग तो त्यांच्याकडे गेला, असे नाही. तो आधी गेला. गोडी मागाहून आली. मनात कळवळा दाटून येईपर्यंत वाट पाहणारा मनुष्य बहुधा जन्मभर वाटच पाहत राहतो.

मोलोकाईचा धर्मगुरू

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांत कुष्ठरोग फैलावला तेव्हा तेथील राजा पाचवा कामेहामेहा याच्या कारकिर्दीत, इ. स. १८६५ मध्ये, रोग्यांना वेगळे काढण्याचा कायदा झाला. १८६६ च्या जानेवारीत पहिल्या रोग्यांना मोलोकाई बेटावरील कालावाओ येथे नेऊन सोडण्यात आले. ही जागाच अशी की तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला सुमारे दोन हजार फुटांचा सरळ तुटलेला कडा. कायद्याला भिंत बांधण्याची गरजच उरली नाही. नवऱ्यापासून बायको, आईपासून मूल तोडून तेथे आणीत. पुढील शंभर वर्षांत सुमारे आठ हजार माणसे या बेटावर पाठविली गेली आणि हा निर्बंध १९६९ मध्ये उठला.

१० मे १८७३ रोजी फादर दामियन तेथे उतरले. बेल्जममधील ट्रेमेलो गावी ३ जानेवारी १८४० रोजी जन्मलेला हा धिप्पाड, हाताने काम करणारा धर्मगुरू तेव्हा ३३ वर्षांचा होता. चार धर्मगुरूंनी आळीपाळीने तेथे जावे अशी मूळ योजना होती. दामियन गेले आणि कायमचे राहिले. सुरुवातीच्या रात्री त्यांनी लहानशा चर्चजवळ, केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. जखमांची दुर्गंधी त्यांनाही सोसत नसे. ती सोसता यावी म्हणून ते चिलीम ओढू लागले. संत म्हणजे ज्याला किळस येत नाही असा कोणी निराळा प्राणी, ही समजूत या एका तपशिलाने दूर व्हावी.

त्यांनी काय केले? घरे बांधली, पिण्याचे पाणी नळाने वस्तीत आणले, चर्च वाढविले, अनाथ मुलामुलींसाठी निवारे उभारले, जखमा बांधल्या, मुलांचा वाद्यवृंद बसविला, मेलेल्यांसाठी शवपेट्या स्वतः ठोकल्या आणि थडगी खणली. रोग्यांबरोबर एकाच भांड्यातून त्यांनी खाल्ले. रोग नसतानाही उपदेशाच्या वेळी ते ‘आम्ही कुष्ठरोगी’ असेच म्हणत. त्यांच्यावर बंदी इतकी कडक होती की, एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजातून आले असता कप्तानाने त्यांना जहाजावर चढू दिले नाही. तेव्हा खाली होडीत उभे राहून, वर उभ्या असलेल्या वरिष्ठांपुढे, त्यांनी मोठ्याने ओरडून आपले पापनिवेदन केले. शुभवर्तमानातील जागांची ती अदलाबदल येथे पुन्हा घडली.

१८८४ च्या डिसेंबरात एके दिवशी त्यांनी दमलेला पाय कढत पाण्यात ठेविला. कातडी भाजली, फोड आले. वेदना मात्र झाली नाही. आपल्याला रोगाने गाठले हे त्यांनी ओळखले. १५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र आठवड्याच्या सोमवारी, वयाच्या ४९ व्या वर्षी ते मरण पावले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

दामियन यांच्या मृत्यूपूर्वी काही महिने, १८८८ च्या नोव्हेंबरात, फ्रान्सिस्कन धर्मभगिनी मदर मेरियन कोप मोलोकाईवर आल्या आणि १९१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुमारे तीस वर्षे तेथे राहिल्या. त्यांचा कटाक्ष स्वच्छतेवर असे. रोग्याला हात लावावयाचा, आणि नंतर हात नीट धुवावयाचे. त्यांच्या भगिनींपैकी कोणालाही हा रोग झाला नाही. २०१२ मध्ये त्यांनाही संतपद मिळाले. दामियन यांचे हौतात्म्य लोकांच्या मनात ठसले हे योग्यच आहे. परंतु सेवा करावयाची म्हणजे रोग ओढवून घ्यावयाचा, असा अर्थ त्यातून काढू नये. करुणेला विवेकाची जोड हवी, हे मदर मेरियन यांनी त्याच बेटावर दाखवून दिले.

न दुखणारा हात

योगायोग असा की, ज्या १८७३ साली दामियन मोलोकाईवर उतरले त्याच साली नॉर्वेमध्ये डॉ. गेरहार्ड हॅन्सन यांना कुष्ठरोगाचे जंतू आढळले. हा रोग शाप नव्हे, पूर्वजन्मीचे पाप नव्हे, रक्तातून उतरणारा वारसाही नव्हे, तर एका जंतूचे काम आहे, हे कळावयास त्यामुळे वाट मोकळी झाली. तरी बोटे झडतात ती का, या प्रश्नाचे उत्तर मिळावयास आणखी सत्तर-पाऊणशे वर्षे लागली आणि त्यातील फार मोठा वाटा भारतातील एका ख्रिस्ती रुग्णालयाचा आहे.

डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात, धर्मोपदेशक मातापित्यांच्या पोटी झाला. इंग्लंडमध्ये शस्त्रवैद्य होऊन १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्यासमवेत ते चिंगलपुटची वसाहत पाहावयास गेले, तेव्हा एका रोग्याच्या वाकड्या झालेल्या हाताशी त्यांनी हस्तांदोलन केले. त्या निकामी दिसणाऱ्या हाताची पकड विलक्षण जोरदार होती. याचा अर्थ हातातील काही स्नायू शाबूत होते. सारा हात सडत जातो ही समजूत चूक असली पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात तेथे आला. तो शोध लागला तो हातात हात घेतल्यामुळे, हे विसरता कामा नये. दुरून पाहणाऱ्याला तो लागला नसता.

पुढे सूक्ष्म निरीक्षणाने उलगडा झाला तो असा. हे जंतू त्वचेतील व हातापायांतील मज्जातंतूंवर हल्ला करतात. त्यामुळे संवेदना जाते. संवेदना गेली म्हणजे वेदना जाते, आणि वेदना गेली म्हणजे शरीराचा राखणदारच गेला. चुलीवरचे तापलेले भांडे हातात धरले तरी कळत नाही, पायात खिळा घुसला तरी मनुष्य तसाच चालत राहतो, गंजलेली किल्ली फिरविताना बोट फाटले तरी हात थांबत नाही. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडतात आणि जाग येत नाही, हेही वेल्लोरला उघडकीस आले, तेव्हा रोग्यांना मांजरे पाळावयास देण्यात आली. सारांश, बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. न दुखणाऱ्या जखमांनी ती झिजतात. दामियन यांचा कढत पाण्यातील पाय का दुखला नाही, याचे उत्तर ते हेच.

ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाबूत स्नायूंचे बंध लुळ्या बोटांकडे वळवून आखडलेले हात उघडले. पण मग एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. बरे झालेले तरुण परत येऊन सांगू लागले की, हात सुधारल्यामुळे भीक कमी मिळते, आणि खुणा अंगावर असल्यामुळे काम कोणी देत नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. घरी परतणे झाले नव्हते. तेव्हा वेल्लोरच्या परिसरात ‘नवजीवन’ या अर्थाच्या नावाचे केंद्र काढून त्यांना सुतारकामासारखे व्यवसाय शिकविण्यास आरंभ झाला. शुभवर्तमानातील तिसरा भाग वैद्यकालाही टाळता आला नाही.

आपल्या प्रदेशातील कार्य

भारतात या सेवेला संघटित रूप आले ते वेलस्ली बेली या आयरिश शिक्षकामुळे. अंबाला येथील मिशन शाळेत ते शिकवीत असता तेथील कुष्ठरोग्यांच्या झोपड्या त्यांनी पाहिल्या, आणि १८७४ मध्ये डब्लिन येथे मित्रांना ती हकीकत सांगितल्यावर वर्षाला तीस पौंड जमविण्याच्या माफक संकल्पातून ‘मिशन टू लेपर्स’ ही संस्था निघाली. मिरजेचे रिचर्डसन कुष्ठरुग्णालय, विदर्भात अचलपूरनजीक कोठारा येथील रुग्णालय, ही मराठी मुलखातील या कार्याची ठिकाणे होत. हैदराबाद संस्थानात निजामाबादजवळ डिचपल्ली येथे डॉ. इझाबेल कर आणि त्यांचे पती यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जे रुग्णालय उभारले, त्याला राजा नरसा गौड या हिंदू दानशूराचे मोठे साहाय्य झाले. गोव्यात माकाझन येथील कुष्ठधामाच्या स्थापनेशी डॉ. फ्रॉयलान द मेलो या गोमंतकीय जंतुशास्त्रज्ञाचे नाव निगडित आहे.

ही वाट ख्रिस्ती माणसाने एकट्याने चाललेली नाही, हे सांगणे सत्याला धरून होईल. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात गांधीजी संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांच्या रोगग्रस्त अंगाला स्वतः मालिश करीत. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आणि वरोड्यास बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले. शोमरोन्याची गोष्ट सांगणाऱ्याला याचे आश्चर्य वाटू नये. त्या गोष्टीत करुणा करणारा परधर्मीच आहे, आणि त्याच्यापासून शिकावे असे येशूने आपल्या लोकांना सांगितले आहे.

तिरस्काराने होणारे व्यंग

आज या रोगावर खात्रीचा उपाय आहे. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत स्वीकारली. रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा एक वर्ष औषध घेतले म्हणजे मनुष्य बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात ते विनामूल्य मिळते. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचा संभव उरत नाही. बहुसंख्य माणसांत या जंतूला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. हस्तांदोलनाने, एका बाकावर बसल्याने किंवा हातचे पाणी प्याल्याने हा रोग होत नाही. तरीही जगात दरवर्षी जे नवे रोगी आढळतात त्यांपैकी निम्म्याहून अधिक भारतातील असतात आणि त्यांची संख्या लाखाच्या आसपास आहे.

असे का व्हावे? अंगावर एखादा फिकट किंवा लालसर चट्टा येतो, त्या जागी स्पर्श कळत नाही, दुखतही नाही. दवाखान्यात दाखविले तर काही महिन्यांत प्रश्न मिटेल. परंतु रोगाचे नाव निघाले तर मुलीचे लग्न मोडेल, कामावरून काढून टाकतील, शेजारचे लोक पाणी घेणार नाहीत, या भयाने चट्टा पदराखाली, बाहीखाली झाकला जातो. वर्ष जाते, दोन वर्षे जातात. तोवर मज्जातंतू निकामी होतात आणि हात आखडतो. गेलेला मज्जातंतू औषधाने परत येत नाही. मग तो आखडलेला हात पाहून लोक दूर सरतात, आणि त्यांना दूर सरताना पाहून आणखी कोणी तरी आपला चट्टा झाकतो. जंतूला मारण्याचे औषध आहे. माणसाला लपावयास लावणारा तिरस्कार मात्र समाजाच्या हातचा आहे. ज्याने आयुष्यात कोणाला दगड मारला नाही तोही नुसते तोंड फिरवून या व्यंगाचा भागीदार होऊ शकतो. याजक आणि लेवी यांनी तरी वाटेवरच्या माणसाला कोठे मारले होते?

कायद्यालाही आपली चूक सुधारावयास वेळ लागला. १८९८ चा कुष्ठरोग्यांसंबंधीचा कायदा, ज्यान्वये निष्कांचन रोग्यांना पकडून आश्रमात डांबता येई, तो २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण धरणाऱ्या तरतुदी २०१९ मध्ये काढून टाकण्यात आल्या. कायद्याने दार उघडले आहे. परंतु पंगतीत पाट मांडणे हे काही कायद्याचे काम नव्हे.

साध्या माणसाचे कर्तव्य

मोलोकाईला जाणे प्रत्येकाच्या नशिबी नसते, आणि त्याची आवश्यकताही नाही. शोमरोन्याच्या दोन दीनारांएवढे जे देता येईल ते पुष्कळ आहे. स्वतःच्या वा घरातल्या कोणाच्या अंगावरील बधिर चट्टा न लपविता दवाखान्यात दाखविणे, हे पहिले कर्तव्य. शिक्षकाने वर्गातल्या मुलाच्या हातावर तो पाहिला तर चारचौघांत बोभाटा न करता त्याच्या आईवडिलांना समजावून सांगावे, आणि त्या मुलाची बाकावरील जागा हलवू नये. भिक्षा देणाराने नाणे दुरून टाकू नये, हातात द्यावे. आणि नाण्याऐवजी काम देता येत असेल तर काम द्यावे. बरा झालेल्या माणसाच्या दुकानातून वाणसामान घ्यावे, त्याच्याकडून खुर्ची विणून घ्यावी, त्याच्या घरच्या लग्नाला जावे आणि तेथे जेवावे. त्या रोगाचे नाव शिवीसारखे वापरण्याची सवय आपल्या भाषेतून जावी. आणि त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी. लाजराला शुभवर्तमानाने नाव दिले आहे.

कुष्ठरोगाचे उदाहरण येथे घेतले ते त्यात वेस अगदी डोळ्यांना दिसते म्हणून. एरवी प्रत्येक गावाला अनेक अदृश्य वेशी असतात. तुरुंगातून सुटून आलेला मनुष्य, वेड लागून बरी झालेली स्त्री, क्षयाचा रोगी, घरच्यांनी टाकलेला म्हातारा, गटारात उतरणारा कामगार, हे सारे भरवस्तीत राहूनही बाहेरच असतात. त्यांच्या बाबतीतही तेच तीन भाग आहेत, आणि तेथेही पहिल्या दोहोंवर समाधान मानण्याचा मोह तितकाच मोठा आहे. वर्षाकाठी एकदा फळे वाटून येणे सोपे जाते. शेजारच्या खोलीत त्याला भाडेकरू म्हणून ठेवणे कठीण जाते.

गालीलातील तो मनुष्य बरा झाला आणि आपल्याला काय लाभले ते सर्वांस सांगत सुटला, एवढे मार्क सांगतो. पुढे तो आपल्या गावी पोचला तेव्हा काय झाले, त्याच्या बायकामुलांनी दार उघडले की नाही, शेजाऱ्यांनी त्याला ओसरीवर बसवून घेतले की नाही, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. स्पर्श ख्रिस्ताने केला होता, रोगही त्यानेच घालविला होता. दार उघडण्याचे काम मात्र त्याने गावकऱ्यांकडे ठेविले.